गोधडीकाकूंची उलटी इस्त्री

मी ज्यांचा सगळ्यात जास्त ऋणी आहे त्या गोधडीकाकू वणीला राहतात. कोणाच्याही घरी त्या पहिल्यांदा गेल्या की पाणी पिऊन झाल्यावर त्या घरची इस्त्री मागतात. कपड्यांवर फिरवायला नाही, नुसती पाहायला. माझ्या बहिणीच्या लग्नाला त्या मुकुटबनला आमच्या घरी आल्या होत्या. आमच्याकडे इस्त्री नव्हतीच, म्हणून आईने घाईघाईने शेजारून मागून आणली. काकूंनी ती उलटी केली, तळ डोळ्यांजवळ नेला, त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "इनं टेरिकॉट जाळलं हाये. डाव्या अंगानं." ज्यांची इस्त्री होती त्या शेजारीणबाई तिथेच उभ्या होत्या. ते टेरिकॉट म्हणजे त्यांच्या यजमानांची नवी पँट होती आणि यजमानांना ती अजून सापडत नव्हती.

काकूंचे यजमान तहसील कचेरीत बाबू होते. त्यांचे सासरेही कचेरीतच होते. घर खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि समोर टायरचं दुकान. कोळशाचे ट्रक तिथे पंक्चरसाठी थांबतात. काका गेल्यानंतर काकूंनी घरातली जुनी लुगडी काढून गोधड्या शिवायला घेतल्या. एकदा कुंपणावर वाळत घातलेली गोधडी पाहून एक ड्रायव्हर आत आला आणि ट्रकच्या केबिनमध्ये टाकायला अशीच एक करून द्याल का, असं त्याने विचारलं. तेव्हापासून ड्रायव्हर लोकच त्यांचे गिऱ्हाईक झाले. नात्यातल्या बायका टोमणे मारायच्या की बाबूची बायको आता ट्रकवाल्यांची अंथरुणं शिवते. काकू एवढंच म्हणायच्या, "झोप त्यायले बी लागतेच न."

या गोधड्या साध्या नसत. खाली जुन्या कापडाचे थर आणि वर रंगीत कापडातून कापलेली चित्रं शिवलेली. नागपूरच्या दुकानांत याला ॲप्लिक म्हणतात, काकू त्याला ठिगळाचं चित्र म्हणत. कोणाला हरीण हवं असायचं, कोणाला गावाकडची विहीर. एकाने आपल्या शेतातल्या मोटारपंपाचं चित्र करून घेतलं होतं, कारण तो पंप घेण्यासाठीच तो ट्रकवर कामाला लागला होता. देव मात्र काकूंनी कधी काढला नाही. कोणी फारच आग्रह केला तर म्हणायच्या, "त्याच्यावर बसशीन तू. मंग मले पाप."

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला गेलो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नव्हतं. वडील फोनवर विचारायचे, जेवला का, पैसे पुरतात का, पास होशील ना. याच्यापुढे ते तरी काय विचारणार? पुस्तकात काय आहे, हे मला पहिल्यांदा विचारलं ते काकूंनी. संध्याकाळी मी सायकल लावली की ओसरीवरून आवाज यायचा, "काय शिकला आज?" सुरुवातीला मी धड्याचं नाव सांगून सुटायचो. मग त्या म्हणायच्या, "ते तं नाव झालं. आत काय हाये?" वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं आणि मला अर्धंच कळायचं. पण संध्याकाळी काकूंना आपल्या भाषेत सांगायचं आहे, या धाकाने मी वर्ग सुटल्यावर सरांच्या मागे मागे जाऊन विचारू लागलो. काकू काही सगळं समजून घेत असत असं नाही. मूलद्रव्यांची सारणी त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. पण ऐकताना त्या हातातली सुई थांबवायच्या, आणि माझं बोलणं ऐकायला कोणी हातातलं काम थांबवावं, हा माझ्यासाठी नवाच अनुभव होता.

त्याच वर्षी अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरून काकू पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं. सुई धरून सरळ टाका घालता येऊ लागला, पण अंगठा आणि त्याजवळचं बोट पूर्वीसारखं वळेना. ठिगळाच्या चित्रात सगळं कसब असतं ते कडेला. कापलेल्या पानाची किंवा पंखाची कड बोटांनी बारीक आत दुमडायची आणि दुमडत दुमडत टाका घालत जायचा. कड उघडी राहिली की दोन धुण्यांत धागे निघतात आणि चित्र झिपरं होतं. ही दुमड आता काकूंच्या बोटांना जमेना.

त्यांची मुलगी वैशालीताई नागपूरला बँकेत आहे. ती आली आणि म्हणाली, आई, आता पुरे, घर बंद कर आणि माझ्याकडे चल. तिचं काही चुकत नव्हतं. एकटी बाई, मोडका हात, रस्त्यावरचं घर. दोन दिवसांनी ताई निघायच्या वेळी काकूंनी स्वतःच शर्त घातली. "दिवाळीपर्यंत एक गोधडी माह्या हातानं पुरी झाली तं मी इथंच राहीन. नाई झाली तं घराले कुलूप लावू. मंग मी तोंडातून शब्द काढणार नाई." ताईने माझ्याकडे पाहिलं. मी भाडेकरू, मी काय बोलणार.

दुसऱ्याच दिवसापासून काकू कामाला लागल्या. त्यांचा विचार असा होता की बोटं कड धरून ठेवत नसतील तर ती चिकटवून ठेवायची, म्हणजे हाताला फक्त सरळ टाका उरेल. पहिली आली मैद्याची खळ. चित्र छान बसलं, पण सकाळी उठून पाहतो तर पानाच्या कडेकडेने मुंग्यांची रांग. मग शाळेतली मुलं वापरतात तो पांढरा गोंद आणला. तो वाळल्यावर इतका कडक झाला की सुई आत शिरताना करकरायची. त्यानंतर शिंप्याकडून कॉलरमध्ये घालतात ते चिकट कापड आणलं. इस्त्रीने ते घट्ट बसलं, पण फूल कॉलरसारखं ताठ उभं राहिलं. काकूंनी ते गालाला लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे फूल ड्युटीवर चाललं हाये."

शेवटी ताईनेच नागपूरहून एक वेगळी वस्तू पाठवली. कोळ्याच्या जाळ्यासारखी पातळ जाळी, पाठीला कागद. कापडावर ठेवून इस्त्री दाबायची, चित्र कापायचं, कागद सोलायचा, गोधडीवर ठेवून पुन्हा इस्त्री दाबायची. जाळी वितळते आणि दोन्ही कापडं एक होतात. कड दुमडायचीच गरज नाही, कारण चिकटलेल्या कडेचे धागे निघत नाहीत. काकूंनी ते एकदा करून पाहिलं आणि दुपारभर ते चित्र नखाने उचकटून पाहत बसल्या. ते निघालं नाही.

इथून आमच्या घरात इस्त्र्यांची वर्दळ सुरू झाली. काकूंची मूळची कोळशाची, पितळी, जडशीळ. कोळशाच्या गावात राहून कोळशाची इस्त्री सोडायची नाही, असं त्यांचं मत होतं आणि तिची उष्णता विजेच्या इस्त्रीपेक्षा गोड असते, असंही. आम्ही दोन्ही इस्त्र्यांनी सारखेच तुकडे चिकटवून पाहिले. काही फरक दिसला नाही. काकूंनी तो निकाल ऐकून घेतला आणि मान्य केला नाही. वाफेची इस्त्री शेजारून आणली. तिच्या तळाला भोकं असतात. जिथे भोक तिथे दाब पडत नाही, आणि चाचणीसाठी चिकटवलेल्या मोराच्या अंगावर नेमक्या तेवढ्याच जागा फुगून राहिल्या. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची, हेही तेव्हाच कळलं. फिरवली की जाळी मऊ असताना चित्र सरकतं. वितळलेली जाळी इस्त्रीच्या तळाला लागून पुढच्या कपड्यावर डाग पडत, तेव्हा काकू तापाची गोळी चिमट्यात धरून गरम तळावर घासायच्या आणि फडक्याने पुसायच्या. तळ लख्ख व्हायचा. औषधाच्या दुकानात माणूस म्हणाला, काकू, इतक्या गोळ्या, घरी कोण आजारी आहे? काकू म्हणाल्या, "इस्त्री."

जाळीची पहिली गोधडी नूरभाईंची. नूरभाई खाणीतून रेल्वेच्या सायडिंगवर कोळसा नेत, त्यांचा ट्रक जुना होता. त्यांना मोर हवा होता. मोर मोठा देखणा झाला, पिसाऱ्यावर निळ्या सॅटिनचे डोळे. चित्र इतकं घट्ट बसलं होतं की काकूंनी टाके नुसते नावाला घातले. हात दुखत होता आणि टाक्यांची गरज काय, असंही वाटलं. ताईला फोन करून त्यांनी सांगूनही टाकलं की दिवाळीची वाट पाहायचं काम नाही.

आठवड्याच्या आत नूरभाई परत आले. ओसरीवर येऊन पाठ करून उभे राहिले. त्यांच्या शर्टावर, पाठीच्या मधोमध, मोराच्या पिसाऱ्यातले दोन निळे डोळे चिकटलेले होते.

"काकू, मोर एक नंबर हाये," ते म्हणाले, "पण घरवाली म्हणून राह्यली, आता तुमी मागून बी पाहाले लागले का?"

मला वाटलं काकूंना फार लागेल. गोधडी परत आली म्हणजे शर्त गेल्यातच जमा. पण त्यांनी चष्मा लावला, नूरभाईंना उजेडाकडे फिरवलं आणि त्यांच्या पाठीवरचा डोळा हळूच सोलून पाहिला. मग विचारलं की गोधडी केबिनमध्ये नेमकी कुठे टाकता. नूरभाई म्हणाले, इंजिनाच्या झाकणावर, तिथेच पाठ टेकतो. काकू पदर खोचून रस्ता ओलांडून गेल्या, ट्रकच्या पायरीवर चढल्या आणि झाकणावर हात ठेवून लगेच उचलला. "हे तं इस्त्रीच हाये," त्या म्हणाल्या. खाली उतरून त्यांनी नूरभाईंच्या हातात चिकटवलेला एक तुकडा दिला आणि सांगितलं की हा झाकणावर ठेवा, खाणीत जाऊन या आणि आणून दाखवा. नूरभाई म्हणाले, काकू, मी कोळशाचं भाडं मारतो, चिंध्यांचं नाही. पण घेऊन गेले. संध्याकाळी तुकडा परत आला तो दोन तुकडे होऊन.

त्या दिवशी मी सायकल लावायच्या आधीच प्रश्न आला. "जे गरम करून चिकटते ते पुन्हा गरम झालं तं कायले सुटते? अन् असं काई हाये का, जे गरमीनं सुटतच नाई?" दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. सर वर्गात जे भराभर सांगून गेले होते तेच होतं ते, पण आता त्याला मोराचे डोळे होते, म्हणून मला कळलं. काही पदार्थ तापले की मऊ होतात, थंड झाले की घट्ट, आणि हे कितीही वेळा होतं. जाळी त्यातली. पिठाची खळ तशी वितळत नाही, तिला सोडवायला पाणी लागतं. मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी सुटलेले दोन तुकडे पुन्हा एकमेकांवर ठेवून पाहिले. मग म्हणाल्या, "म्हंजे आपुन उलटं करत होतो. चिकटवून ठेवाचंच कायले? टाके होईपर्यंत धरून ठेवलं तं झालं. मंग धुऊन काढू."

मग पुन्हा खळीकडे. घोंगड्यांना चिंचोक्याची खळ लावतात, हे त्यांनी ऐकलं होतं. चिंचोके भाजले, साल काढलं, दळून आणले आणि पाण्यात शिजवले. वास चांगला नव्हता, पण मैद्यावर धावणाऱ्या मुंग्या याच्याकडे फिरकल्या नाहीत. का, ते आम्हा दोघांनाही अजून कळलेलं नाही. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून पान कापायचं, कापडाच्या मध्ये ठेवायचं, कापडाच्या कडेला कुंच्याने खळ लावायची आणि कड पुठ्ठ्यावर दुमडून इस्त्रीच्या टोकाने दाबायची. खळ जागीच वाळते, पुठ्ठा काढून घेतला तरी दुमड तशीच राहते. बोटांचं काम इस्त्री करते. टाके घालून झाले की गोधडी धुवायची, खळ निघून जाते, कापड पहिल्यासारखं मऊ.

आता अडलं ते इस्त्रीवरच. जड इस्त्री चांगली दाबते, पण प्रत्येक कडेला ती उचलायची म्हणजे मनगटातून कळ जायची. मी बाजारातून प्रवासाची छोटी, हलकी इस्त्री आणली. ती उचलता येई, पण तिच्यात वजन नाही म्हणून हातानेच दाबावी लागे, आणि कळ तिथेच. दसरा आला. गोधडीवर अजून निम्मी पानंही झाली नव्हती. काकूंनी ट्रंकेतले कपडे काढून उन्हात टाकले. नागपूरची तयारी आहे का, असं मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात पोळ्या करत होत्या आणि मी दारात बसून वीजवाहकता की असंच काहीतरी समजावत होतो. पोळी तव्यावर टाकता टाकता त्या थांबल्या.

"का रे दिनेश, पोळी आपुन तव्यावर नेतो. तवा कधी पोळीवर नेला का?"

पोळी करपली. त्यांनी गॅस बंद केला, दोन विटा आणायला लावल्या आणि छोटी इस्त्री विटांच्या मध्ये उलटी, तळ वर करून अडकवली. पान डाव्या हातात धरलं, कडेला खळ लावली आणि ती कड गरम टोकावरून ओढत नेली. दुमड बसत गेली. इस्त्री उचलायची नाही, दाबायची नाही. मनगटाला करायचं काहीच उरलं नव्हतं. काकू एकामागून एक पानं करत सुटल्या. जेवायचं राहूनच गेलं.

दिवाळीत वैशालीताई आली तेव्हा गोधडी अंगणात वाळत होती. तिने चारी कडा पाहिल्या, दोन पानं नखाने उचकटून पाहिली, आईचीच मुलगी ती. मग म्हणाली, "ठीक आहे." काकूही "ठीक आहे" म्हणाल्या, आणि दोघी फराळाला बसल्या. मोर दुरुस्त होऊन नूरभाईंकडे गेला.

त्यानंतर मी पदवीधर झालो. निकाल सांगायला पेढे घेऊन गेलो तर काकूंनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "पास झाला ते समजलं. आता काय समजत नाई ते सांग." मी आज आर्णीला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गात बरीच मुलं अशी आहेत ज्यांच्या घरी याआधी कोणी अकरावीला गेलं नाही. त्यांना मी धडा संपल्यावर काय समजलं नाही ते सांगायला लावतो. सुरुवातीला ती घाबरतात. मग सांगतात.

गेल्या उन्हाळ्यात काकूंना दुपारी बसल्या बसल्या झोप लागली आणि विटांमधली इस्त्री चालूच राहिली. वरचं कापड पेटलं. शेजारच्या बाईंना वास आला, त्यांनी येऊन बटण बंद केलं, पाणी ओतलं. दुमडून ठेवलेल्या पानांचा ढीग जळला, काकूंना काही झालं नाही. ताईला त्यांनी सांगितलं की मी जागीच होते. मला खरं सांगितलं. पण ताईला शेजारून कळलंच. तिचा मला फोन आला. ती रडत होती. म्हणाली, "दिनेश, या वेळी मी शर्त-बिर्त ऐकणार नाही. तू समजावून सांग. तुझं ऐकते ती." काकूंना आताशा फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र लिहायला बसलो. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. जे शेवटी टपालात टाकलं ते हे:

"ती. काकूंना शिरसाष्टांग नमस्कार.

वैशालीताईंचा फोन आला होता. तुम्ही नागपूरला जावं असं मी तुम्हाला समजावून सांगावं, असं त्यांचं म्हणणं आहे. त्या चुकीचं बोलत नाहीत. त्या दिवशीचं ऐकून मलाही रात्री झोप लागली नाही.

तरीपण मी समजावणार नाही. दोन्हीकडची माहिती मात्र मिळवली आहे. ठरलेल्या वेळानंतर इस्त्री आपोआप बंद करणारं बटण मिळतं. इथल्या दुकानदाराला मी ते चालवून दाखवायला लावलं, ते बंद होतं. तुम्ही वणीला राहणार असाल तर ते मी येऊन बसवून देतो. पण झोप लागली तर कापड त्या वेळेच्या आतही पेटू शकतं, हे तुमच्यापासून लपवत नाही. नागपूरला जाणार असाल तर ताईंच्या घरातली मागची खोली मी पाहून आलो. उजेड चांगला आहे, पण समोर रस्ता नाही, भिंत आहे. तिथे ड्रायव्हर लोक येणार नाहीत. ताईंनी खोलीला रंग दिला आहे. तुम्हाला सांगितलं नाही, पण त्यांनी तो स्वतः दिला आहे.

ताईंना काय वाटतं ते मला माहीत आहे. डॉक्टरांना काय वाटतं, शेजारच्या बाईंना काय वाटतं, तेही सगळ्यांनी मला सांगितलं. तुमच्या मनात काय आहे, हे मात्र मी कोणाकडूनच ऐकलं नाही. तुम्हाला कोणी विचारलं का, तेही कळलं नाही.

काकू, तुम्हाला काय पाहिजे? सोयीचं काय, ते नाही. तुम्हाला काय पाहिजे?

लिहायला हाताला त्रास होईल, लिहू नका. रविवारी सकाळी मी फोन करतो. माझं तुम्हाला ऐकू येणार नाही, पण तुमचं मला येतं. तुम्ही बोला. मी मधे बोलणार नाही.

तुमचा,
दिनेश"